धोंड्याचं जेवण

४ जुलै २०२३, मंगळवार

वकील शोधायला सांगलीला गेलो आणि पेरूची रोपं घेऊन आलो.

गेलो होतो वकील शोधायलाच. विजयनगरला कोर्टासमोर गाडी लावली, पाट्या वाचत फिरलो. प्रत्येक पाटीवर दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, जमिनीचे वाद, सगळंच लिहिलेलं. धाब्यावर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन एकाच बोर्डावर असतं तसं. कुणाच्या जिन्यानं वर चढायचं? 'माझ्या बहिणीला सोडचिठ्ठी पाहिजे' हे वाक्य मी पलूसपासून गाडीवर घोकत गेलो होतो, पण दारात उभा राहिल्यावर ते तोंडातनं बाहेर येईना. मग मिरज रोडला नर्सरी दिसली. तिथला माणूस पेरूच्या छाटणीबद्दल असा काही रंगून बोलायला लागला की ऐकतच बसलो.

घरी आल्यावर आईनं रोपं बघितली, आक्कानं बघितली. आक्का रोपांवर पाणी मारून आत गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण संयोगिता. उंब्रजला दिलेली. महाशिवरात्रीला माहेरी आली ती परत गेली नाही, जाणार नाही म्हणते. आणि हे स्थळ मीच आणलेलं. बारावीत आपटल्यावर मी जिथंतिथं कामं केली. गोव्यात हॉटेलात, पुण्यात कुरिअरवर, मग हायवेला उंब्रजात ऋषिराजच्या ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात. त्यानं मला कधी नोकरासारखं वागवलं नाही. बुलेटची चावी टाकायचा, म्हणायचा, "जा रं, महाबळेश्वर बघून ये." ज्यानं स्वतःची बुलेट दिली तो माणूस वाईट असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी सांगितलं, लय दिलदार माणूस हाय. तात्या माझं कधी काही ऐकत नाहीत. तेवढं मात्र ऐकलं.

७ जुलै, शुक्रवार

आज आक्का स्वतःच बरोबर आली. म्हणाली, "तुला एकट्याला पाठवलं तर आता आंब्याची बाग लावशील."

पहिला वकील मोठा होता. एसी, मागं काचेच्या कपाटात जाडजूड पुस्तकं. आक्कानं बोलायला सुरुवात केली आणि तो माझ्याकडं बघून म्हणाला, "नवरा मारतो ना? फौजदारी टाकू. सासू, नणंद, चुलत दीर, सगळ्यांची नावं द्या. गुडघ्यावर येतील."

आक्का म्हणाली, "सासूनं मला काय केलं न्हाई. मला कुणाला आत घालायचं न्हाई. मला सुटायचंय."

तो परत मलाच म्हणाला, "बहिणीला जरा समजावा."

जिना उतरताना आक्का म्हणाली, "ह्यो न्हाई. बोलतीय मी आणि बघतोय तुझ्याकडं."

खाली झेरॉक्सच्या दुकानात एक बाई होत्या. त्यांनी न विचारताच सांगितलं, "कोळेकर मॅडमकडं जावा. कवठे महांकाळच्या हायत, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. माणसाचं ऐकून घेत्यात."

ॲड. शिवांजली कोळेकर. प्लास्टिकच्या खुर्च्या, खडखडणारा पंखा. त्यांनी आक्काला पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय पाहिजे?" मग मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"मी भाऊ हाय."

"म्हणूनच."

मला राग आला. बाहेर उसाचा रस प्यायलो, टायपिंगवाल्याशी गप्पा मारल्या. पुष्कळ वेळानं आत बोलावलं. आक्काचे डोळे सुजले होते आणि ती खुर्ची वाकडी करून, मॅडमकडं एक खांदा करून बसली होती. मला ते उद्धटपणाचं वाटलं.

मॅडमनी समजावून सांगितलं. दोन रस्ते आहेत. दोघं राजी असतील तर संमतीचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असलं पाहिजे, मग दोघांनी मिळून अर्ज द्यायचा, सहा महिन्यांनी परत येऊन तेच सांगायचं. मग हुकूम होतो. एकजण राजी नसेल तर कारण सिद्ध करायचं. समोरच्याला नोटीस जाणार, मग समझोत्याला बसवणार, मग साक्षी, उलटतपासण्या. वर्षं जातात. तोवर पोटगी मागता येते. आक्का माहेरी राहते म्हणून दावा सांगलीतही लावता येतो. संमतीचं बोलणं निघतंय का ते महिनाभर बघायचं, नाहीतर सरळ दावा टाकायचा, असं ठरलं.

"आणि एक ध्यानात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "छळ झाला म्हणायचं आणि नंतर परत नवराबायकोसारखं वागायचं, तर कोर्ट म्हणतं, बाईनं माफ केलं. म्हणून..."

त्या 'म्हणून'च्या पुढचं माझ्या कानावर आलं नाही. खिडकीतनं खाली नोंदणीचं लग्न करून आलेलं एक जोडपं हार घालून फोटो काढत होतं आणि त्यांच्या मागं तारखेला आलेल्यांची गर्दी उभी होती. मला हसू आवरेना.

१२ जुलै, बुधवार

दाजींचा फोन. ऋषिराजला मी लग्नानंतर दाजी म्हणायला लागलो, आता ते तोंडातनं जात नाही.

"काय मेव्हणं, इसरला गरिबाला?"

मी म्हटलं, "न्हाई वो दाजी, कामात हाय."

"तू आणि कामात!" असं म्हणून ते हसले, मीपण हसलो. मग हळू आवाजात म्हणाले, "बरी हाय का ती? जेवती का?" मला वाईट वाटलं. म्हटलं, जेवते. मग म्हणाले, "वकील-बिकील बघितला असंल."

मी काहीच सांगितलं नाही. फक्त कोळेकर मॅडम म्हणून आहेत एवढं सांगितलं. आणि दावा अजून टाकला नाही, महिनाभर थांबणार आहेत, एवढं.

दाजी म्हणाले, "चांगलं केलं. आपल्याला तरी कुठं भांडण पाहिजे? संमतीनं करू. मी सही देतो. माणुसकी न्हाई सोडायची गड्या." मग जाता जाता म्हणाले, "धोंड्याचा महिना लागतोय न्हवं? लग्नानंतरचा पयला. आईंच्या हातचं एकदा शेवटचं जेवलो असतो. जाऊ दे, आमच्या नशिबात न्हाई."

फोन ठेवल्यावर एवढं हलकं वाटलं की पोहायला कृष्णेवर गेलो. भांडणच नाही म्हटल्यावर काय? आक्काला सांगायला आलो तर ती मोरीत भांडी घासत होती. तीनदा हाक मारली तरी मान वर केली नाही. हल्ली ती असंच करते, मनात असलं तर ऐकते. मी पण सांगितलं नाही मग.

२१ जुलै, शुक्रवार

अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येणारा जादाचा महिना. ह्यात जावयाला नारायण मानतात आणि लेकीला लक्ष्मी. दोघांना शेजारी पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, अनारसे द्यायचे. आईनं सकाळपासून विषय काढला.

"पयला धोंडा हाय. जावई जिवंत असताना पाट मोकळा ठेवायचा?"

आक्का म्हणाली, "आई, मी त्याच्यापासनं सुटायला बघतीय आणि तू त्याचं पाय धुणार?"

"मी त्याचं न्हाई धूत. नारायणाचं धुती."

तात्या पेपर वाचत होते. ते मिलिटरीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, हंबीरराव म्हणून गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. पेपर खाली न घेता म्हणाले, "बोलवा. काडीमोड हुईल तवा हुईल. आज तरी तो ह्या घरचा जावई हाय."

"मग जेवू घाला," आक्का म्हणाली. "मी त्या दिवशी मावशीकडं जाते."

आई रडायला लागली. एकट्या नारायणाला ओवाळायचं म्हणजे अपशकुन.

मी मध्ये पडलो. सगळी रडत असली की मला तिथं थांबवत नाही आणि जाताही येत नाही. म्हटलं, "आक्का, मी वकीलबाईंना विचारतो. त्या म्हणतील तसं कर."

ती म्हणाली, "विचार."

२६ जुलै, बुधवार

मॅडमना फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळानं परत लावायचा म्हणून माझ्या दोस्ताच्या, धनाजीच्या गोडाऊनवर बसलो, तिथं हळदीचा ट्रक भरत होते. धनाजी म्हणाला जरा हात लाव, मग हात लावला, मग जेवलो, मग ट्रकच्या टपावर झोप लागली.

घरी आलो तर आक्का दारातच. "काय म्हणाल्या?"

आई आतनं बघत होती. तात्याही.

मी म्हटलं, "चालतंय म्हणाल्या."

"असं म्हणाल्या? नक्की?"

"व्हय. म्हणाल्या, जेवणानं काय होतंय. उलट सलोख्यानं संमतीचं लवकर हुईल. दाजी येताना संमतीचे कागदपण आणणार हायत."

हे शेवटचं कुठनं आलं मला माहीत नाही. पण बोलताना ते खरंच वाटलं. आक्कानं आईकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "त्या म्हणाल्या असतील तर बसते. त्यांच्यावर माझा इस्वास हाय."

मॅडमना उद्या फोन करीन.

३० जुलै, रविवार

झालं एकदाचं. लय भारी झालं.

मीच उंब्रजला जाऊन आवतण देऊन आलो होतो. दाजी पांढऱ्या लिननच्या शर्टात, बुलेटवर. आईच्या पाया पडले, तात्यांना मिठी मारली. आक्कानं लग्नातली नाही, साधी हिरवी साडी नेसली. आई म्हणाली निदान गजरा तरी घाल, तो घातला. दोघांना पाटावर बसवलं. आईनं पाय धुतले तेव्हा दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं ना, मनानं वाईट नाहीत.

मी व्हिडिओ काढत होतो. ओवाळताना दाजी आक्काच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. आक्का एकदम पांढरी पडली आणि ताटातल्या धोंड्याकडं बघत बसली. गोड काहीतरी बोलले असतील, लाजली असेल.

दाजीच म्हणाले, "टाक की इन्स्टावर. मेव्हण्यानं न्हाई टाकायचा तर कुणी?" टाकला. खाली लिहिलं, 'आक्का आणि दाजी, पहिला धोंडा', लाल बदाम.

संमतीच्या कागदांचं विचारलं तर म्हणाले, वकिलाकडं टायपिंगला दिलेत. जाताना मला बुलेट तासगाव फाट्यापर्यंत चालवायला दिली.

आक्का जेवली नाही.

२ ऑगस्ट, बुधवार

व्हिडिओ लय चालला. गोव्याच्या पोरांनीपण बदाम दिले. आक्का तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. मॅडमना फोन करायचा राहिलाय. आता करून काय सांगायचं, तेही कळेना.

२२ ऑगस्ट, मंगळवार

कराडच्या कोर्टातनं नोटीस आली. 'ऋषिराज विरुद्ध संयोगिता.' आधी वाटलं संमतीची. मग वाचली. अर्जदाराची पत्नी कोणत्याही सबळ कारणाविना माहेरी राहत असून तिनं अर्जदाराकडं नांदावयास यावं असा हुकूम व्हावा. उभयतांत कधीही वितुष्ट नव्हतं. दिनांक ३० जुलै रोजी पत्नीच्या माहेरी उभयतांनी धार्मिक विधीस एकत्र बसून आनंदानं भोजन केलं. सोबत छायाचित्रं.

माझीच होती ती. लाल बदामासकट छापलेली.

आईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं बसली होती, तशीच बसून राहिली. म्हणाली, "अन्न जेवू घातलं त्याचा कागद केला?"

तात्या उठून बाहेर गेले.

आक्कानं नोटीस हातात घेतली, नीट घडी केली, म्हणाली, "परवा मॅडमकडं जाऊ. त्यांनीच चालतंय म्हटलं व्हतं, आता त्याच मार्ग काढतील."

मी उठून पेरूंना पाणी घालायला गेलो.

२४ ऑगस्ट, गुरुवार

लिहायला नको वाटतंय.

मॅडमनी नोटीस वाचली, फोटो बघितले. चष्मा काढला. "मी सांगितलं होतं. त्या घरात पाऊल नाही, एका ताटाला बसायचं नाही, सोशल मीडियावर काही नाही. त्याच दिवशी सांगितलं होतं."

म्हणजे ते होतं त्या 'म्हणून'च्या पुढं.

आक्का म्हणाली, "ते ध्यानात व्हतं मॅडम, पण ह्या जेवणाला तुमीच चालतंय म्हणाला न्हवं?"

"मी? कुणाला?"

पंखा खडखडत होता. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी त्या नर्सरीवाल्याला आठवत होतो, छाटणी कुठल्या महिन्यात म्हणाला होता ते आठवत होतो. म्हणजे तिकडं बघायला लागू नये.

"फोन लागला न्हाई," मी म्हटलं.

आक्का ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आणि तू मला म्हणालास, नक्की."

मी बाहेर जायला उठलो. मॅडम म्हणाल्या, "आज बसायचं. बाहेर नाही."

मग त्या उठून कपाटातनं काही काढता काढता आक्काला काहीतरी विचारत होत्या. आक्काचं लक्षच नाही. मॅडम थांबल्या. टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "संयोगिता?" मग जरा मोठ्यानं. आक्का समोर भिंतीकडं बघत होती.

मॅडम उजवीकडं आल्या. "ह्या कानानं कधीपासून ऐकू येत नाही?"

आक्का म्हणाली, "गेल्या दिवाळीपासनं."

"त्यानं मारलं?"

"व्हय."

"मागं सगळं सांगितलं, हे का नाही सांगितलं?"

"बहिरी म्हणतील मला. नोकरी कोण देईल?" तिनं नर्सिंग केलंय. लग्नानंतर त्यानं कामाला जाऊ दिलं नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी तिथं होतो. ओवाळताना तिनं डोक्यावरनं पदर घट्ट घेतलेला. मी हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, आक्का लय भाव खाती दाजी. दाजी हसले, म्हणाले सर्दी झालीय. आणि मला बुलेटची चावी दिली. मी कास पठारापर्यंत जाऊन आलो.

२ सप्टेंबर, शनिवार

मिरजेला कानाची तपासणी. डॉक्टरनं पडदा फाटल्याचं लिहून दिलं, जुनी इजा. मॅडम म्हणाल्या, त्याच दाव्यात आपण उत्तरासोबत उलट घटस्फोट मागायचा, छळाच्या कारणावर. हा कागद लावायचा. पण ३० जुलैचं काय ते सांगावं लागेल. ती आपखुशीनं बसली असं ठरलं तर कोर्ट म्हणेल, कान फुटला तोही तिनं माफ केला.

परत येताना मी विचारलं, "आक्का, तो त्या दिवशी कानात काय बोलला?"

ती म्हणाली, "बघ, तुझ्याच माणसांनी तुला आणून माझ्या शेजारी बसवली. आता जा कोर्टात."



९ सप्टेंबर, शनिवार. हुबळी

धनाजीच्या हळदीच्या ट्रकवर आलोय. घरी सांगितलं चार दिवसांत येतो. धनाजीला विचारलंय, पुढं बेंगलोरला कुणी ओळखीचं आहे का.

इथं एका हॉटेलात मालकानं विचारलं, "ऊट आयता?" म्हणजे जेवलास का. तेवढंही ऐकवेना.

१७ सप्टेंबर, रविवार

परत आलो. कुणी विचारलं नाही का गेलो आणि कुणी विचारलं नाही का आलो.

आक्काचं उत्तर कोर्टात दाखल झालं. मॅडमनी मला वाचायला दिलं नाही, आक्कानं सांगितलं. त्यात जेवणाबद्दल लिहिलंय, 'कुटुंबाच्या आग्रहाखातर.' माझं खोटं त्यात नाही. मॅडम घालायचं म्हणत होत्या, आक्का नको म्हणाली. "आईतात्यांना गावात तोंड दाखवायचंय. भाऊ खोटारडा हाय हे माझ्या तोंडानं न्हाई लिहिणार."

मॅडम म्हणाल्या, "नुसता आग्रह कमी पडेल. आग्रहाला सगळ्याच बायका बसतात."

मला हे ऐकून बरं वाटलं. माझं नाव नाही म्हणून. नंतर गोठ्यात जाऊन बसलो.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

लय महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नाही, तारखा पडतात. कधी जज रजेवर, कधी त्यांचा वकील आजारी. समझोत्याला दोनदा बसवलं. त्यानं दोन्ही वेळा सांगितलं, मी तिला आजही न्यायला तयार हाय, आणि बाहेर येऊन तिला म्हणाला, "म्हातारी हुईपर्यंत फिरवतो तुला." आक्काला मिरजेत दवाखान्यात नोकरी लागली. तिथंच खोली घेऊन राहते. एका कानानं लागली. मुलाखतीत तिनं स्वतःच सांगितलं म्हणे. मी इथं साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. अजून टिकलोय.

आज मला समन्स आलं. आमच्या बाजूचं नाही. ऋषिराजनं मला त्याचा साक्षीदार केलंय.

मिरजेला गेलो, आक्काला दाखवलं. ती ड्युटीवरनं आली होती, पांढरे बूटही काढले नव्हते. वाचून म्हणाली, "मला ठावं व्हतं. त्याला म्हाईत हाय, तू त्याच्या बाजूनं बोलशील."

"मी? आक्का, मी खरं सांगीन. सगळं सांगीन, तू लिहू दिलं न्हाईस तेसुद्धा."

"तू सांगणार न्हाईस शिवा. तुझ्या मनात असंल सांगायचं. पण तो समोर उभा राहील, 'काय मेव्हणं' म्हणंल आणि तू हसशील. तुला समोरच्याला नाराज करता येत न्हाई. मला कधी करता आलं तुला? सरळ 'फोन लागला न्हाई' म्हणायचं व्हतंस. तेवढं बी जमलं न्हाई."

तिनं चहा केला. मी प्यायलो. कप धुऊन पालथा घातला.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. कराड

आज साक्ष झाली.

सकाळी आवारात ऋषिराज भेटला. वजन वाढलंय. "या मेव्हणं, चहा घेऊ." मी म्हटलं, घेतलाय. घेतला नव्हता.

आत बाकावर आक्का आणि मॅडम. आक्का माझ्याकडं बघत नव्हती, समोरच्या टेबलावरच्या गठ्ठ्यांकडं बघत होती. शपथ घेतली. त्याच्या वकिलानं गोड आवाजात सुरुवात केली. ३० जुलैला ऋषिराजना जेवायला बोलवायला कोण गेलं होतं?

"मी."

दोघं एकाच पाटाला बसले?

"शेजारच्या पाटाला. व्हय."

हा व्हिडिओ कुणी काढला, कुणी टाकला?

"मीच."

वकिलाच्या मागं ऋषिराज उभा होता. भुवया जरा वर करून माझ्याकडं बघून हसला, दुकानात चावी टाकताना हसायचा तसंच. आणि माझं तोंड हसलं. मी हसवलं नाही, आपोआप हसलं. आक्काची मान खाली गेलेली मला पिंजऱ्यातनं दिसली.

"बहीण त्या विधीला कशी बसली?" वकील.

तोंडावर हसू तसंच होतं, ते जाईनाच. तसंच म्हटलं, "मी खोटं बोललो म्हणून बसली."

वकील थांबला. जजसाहेबांनी मान वर केली.

"तिनं सांगितलं व्हतं मावशीकडं जाते. बसणार न्हाई. मी तिला म्हटलं, वकीलबाईंना विचारलंय, त्या चालतंय म्हणाल्या. मी विचारलंच न्हवतं. कागद घेऊन येणार हायत म्हटलं, तेपण खोटं. तिला म्हाईत असतं तर ती पाटाजवळ उभी राहिली नसती. आणि ह्यांनी तिच्या कानात..."

"ऐकीव गोष्ट सांगू नका," वकील ओरडला. मग त्यानं कोर्टाला सांगितलं, साक्षीदार उलटलाय, आणि परवानगी घेऊन मलाच उलटं विचारायला लागला. शिक्षण किती? बारावी नापास. किती नोकऱ्या सोडल्या? मोजल्या न्हाईत. मग तो म्हणाला, "जो सख्ख्या बहिणीशी खोटं बोलतो, तो आज कोर्टाशी खरं बोलतोय हे कशावरून?"

हसू तेव्हा गेलं. मी म्हटलं, "तवा खोटं बोललो कारण घरातल्या सगळ्यांनी मला चांगलं म्हणायला पाहिजे व्हतं. आज इथं मला चांगलं म्हणणारं कोण हाय?"

जजसाहेबांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा. मी माझ्या बहिणीस खोटे सांगून विधीस बसविले हे म्हणणे खरे आहे." एवढंच. माझी दीड वर्षं एका ओळीत बसली. खाली सही केली.

बाहेर ऋषिराज गाडीला टेकून उभा. "बुलेट गोड लागली व्हती न्हवं रं तुला?" म्हणाला.  मी हसलो नाही, पण आता त्याला काय अर्थ.

त्याचा वकील मॅडमना बाजूला घेऊन काहीतरी बोलत होता. मॅडम येऊन आक्काला म्हणाल्या, "संमतीनं करायचं का विचारतायत. त्यांचा नांदायचा दावा आता उभा राहायचा नाही, त्यांना कळलंय. तुमचं काय म्हणणं?"

आक्का म्हणाली, "लिहून द्या म्हणावं. तोंडी न्हाई. तोवर आपली साक्ष थांबवायची न्हाई."

मॅडम हसल्या. "तुम्हाला वकिलाची गरज संपत आली."

मी तिला स्टँडपर्यंत सोडलं. मिरजेपर्यंत सोडतो म्हटलं तर नको म्हणाली, संध्याकाळची ड्युटी आहे, गाडीत झोपेन. सांगली गाडी लागलेलीच होती. वाटेत एकदाच बोलली.

"हसलास तू."

"व्हय."

"मला वाटलं, गेलं सगळं."

मला खूप काही बोलायचं होतं. दिवाळीचं, पदराचं, हुबळीचं. तिनं हात वर केला, नको म्हणून. पायरीवर चढली, वरच्या दांड्याला धरून वळली. "पुढची तारीख माझी मी बघीन. तू येऊ नकोस."

"कधीच?"

"कधीच म्हटलं का मी?" ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

कंडक्टरनं दार ओढलं. घरी फोन लावला. आईनंच उचलला. काय झालं विचारायच्या आधी मी घरी आजवर न सांगितलेलं सांगायला लागलो, पाटापासनं, एकही गोष्ट न गाळता.  तात्या विचारत होते, कोण हाय, काय म्हणतोय. आई त्यांना म्हणाली, "गप बसा जरा. ऐकू द्या."